काकूंच्या बरणीतला डिंक

टेंभी नाका, ठाणे
ऑक्टोबर १८८९

प्रिय गोपीनाथ,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. तुझ्या लेकीला, गंगूला, तुझ्या आईसारखाच हिवताप आलाय आणि त्यांच्याच, म्हणजे काकूंच्या, उरलेल्या गोळ्या तू तिला सुरू केल्यास, हे वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मीच कल्याणला निघणार होतो. पण डॉक्टर फिरतीवर गेलेत, ओसरीत तापाची माणसं कुडकुडत पडलीत आणि दवाखान्यात कंपाउंडर म्हणून मी एकटा. म्हणून शिपाई भिवाला पाठवतोय. तो दारात उभा राहून गाडीची घाई करतोय, आणि मला मात्र मुद्द्यावर येववत नाही.

श्रावणात तुमच्याकडे आलो तो दिवस आठवतो ना? बाटलीतलं पातळ औषध काकू घेईनात. दवाखान्याचं पाणी कुणी भरलं, कुणी शिवलं, देव जाणे, हे त्यांचं म्हणणं. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. हिवतापावरची कोयनेलची कडू पूड माझी, पाणी त्यांच्या विहिरीचं, आणि गोळी वळायला डिंक त्यांच्या लाडवांच्या बरणीतला. राहिले माझे किरिस्तावाचे हात, तर "हातांचं मी देवाशी बघून घेईन, तू वळ रे सिल्वेस्टर," म्हणाल्या. लहानपणी माझ्या ओंजळीत वरून लाडू टाकणारी ही बाई! मला भरूनच आलं.

मग काय, अंगात आल्यासारखा वळत बसलो. डिंकाला औषधाचा गुण नसतो, तो नुसता पूड धरून ठेवतो, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. चिमूटभर पुरतो. पण काकूंनी बरणी पुढे सरकवली आणि मीही हात आखडला नाही. निरुपद्रवी जिन्नस, त्यात कंजुषी कशाला? वर चुलीच्या उबेला तीन दिवस वाळवायला सांगितलं. एका गोळीला चीर गेली नाही. तू बंदुकीचे छर्रे म्हणून चिडवलंस आणि मी उलट फुगलो. काकू शेवटपर्यंत त्या न चुकता घेत होत्या. त्या गेल्यावर मी तुला लिहिलं, वय झालं होतं, आपल्या हातात काय होतं. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं.

कालच्या पत्रात तू सहज लिहिलंस की रात्री दिलेली गोळी सकाळी गंगूच्या ओकारीत अख्खी निघाली, म्हणून लगेच दुसरी दिलीस. त्या गोळ्यांतल्या दोन मी मिरवायला माझ्या कपाटात ठेवल्या होत्या. आज उजाडताच एक कोमट पाण्यात टाकली. आता दुपारचे तीन वाजलेत. पेल्याच्या तळाशी ती तशीच आहे, गोल, गुळगुळीत. पाणी चाखून पाहिलं, कडूसुद्धा नाही. भिवाबरोबर कोयनेलच्या नुसत्या पुड्या देतोय, त्यांत दुसरं काही नाही. एक आत्ताच मधातून दे. त्या गोळ्या बंद कर, माझ्या गळ्याची शपथ. उशीर झाला नसेल ना रे? मला इथे बसून काहीच कळायला मार्ग नाही. काकूंना औषध लागू पडलं नाही, असं तू तेव्हा म्हणालास. गोपीनाथ, औषध त्यांना मिळालंच नाही. मी ते डिंकात बांधून टाकलं होतं.

तू अजून म्हणू देत असलास तर तुझाच,
सिल्वेस्टर