परवानगीची मुदत

चिमे,

चष्मा बदलायला चाललोय. पैसे दिले की तुझ्या फोनवर दिसेलच, तरी लिहून ठेवतो. जेवण झाकून ठेवलंय.

माझी बँक, विमा, पेन्शन सगळं तू त्या एका अ‍ॅपला जोडलंस, तेव्हापासून घरात शिरल्याशिरल्या तुझी उलटतपासणी सुरू. बाबा, बेकरीत दोनदा कशाला गेलात? टॅक्सी कशाला केलीत? एरवी तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. वैताग आला होता मला.

आज अ‍ॅपनेच विचारलं, वर्ष झालं, मुलीला माहिती दाखवायची परवानगी चालू ठेवायची का? ‘नाही’वर बोट नेलंही होतं. पण मग तू माझ्याशी बोलणार कशावरून? ‘हो’ दाबलं.

येताना मुद्दाम दोनदा बेकरीत जाईन.

बाबा