दाराबाहेरचे बूट

४ मार्च, सोमवार

पोचले. एकटी! त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा परक्या शहरात स्वतःच्या सहीने खोली घेतली. सही दोनदा गिरवली, ते काउंटरवरच्या मॅनेजरने बघितलंच. चष्म्यावरून बघत म्हणाला, "एकट्याच का, मॅडम?" असं का विचारावं याने? माझ्या तोंडून निघून गेलं – "मिस्टर मागून येताहेत." मिस्टरांना जाऊन पाच वर्षं झाली! कॉन्व्हेंटमध्ये इतकं धडधडीत खोटं बोलले असते तर सिस्टरांनी तासभर गुडघ्यांवर उभं केलं असतं.

खोली दुसऱ्या मजल्यावर, सहा नंबर. कपाटाचं दार लागत नाही, घडी केलेला कागद अडकवून लावावं लागतं. दाराची कडी मात्र चांगली आहे. तीनदा लावून पाहिली. सूनबाईने दिलेली यादी उशाशी ठेवलीय – दाराला आतून खुर्ची लावणे, खोलीचा नंबर चारचौघांत न बोलणे, टॅक्सीत बसण्याआधी तिचा नंबर घरी कळवणे. अकरा कलमं! धाकट्या बहिणीची सूचना एकच. "भावजींचे बूट ने आणि दाराबाहेर ठेव. पुरुषाचे बूट दिसले की कुणी फिरकत नाही." वर फिदीफिदी हसली. "तशी तुला कोण पळवून नेणार म्हणा! नेलंच तर दोन दिवसांत हात जोडून परत आणून सोडेल."

बूट ठेवले. आधी पॉलिश केले. हाताची सवय – त्यांना टाचेवर धूळ चालत नसे.

५ मार्च, मंगळवार

कामाचा पहिला दिवस. अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तक वाचून रेकॉर्ड करायचं, आठ दिवसांत संपवायचं. खोली एवढीशी, भिंतींना फोम लावलेला. घड्याळ काढून ठेवायचं, टिकटिक पकडली जाते. पान उलटताना श्वास धरायचा. रेकॉर्डिंग करणारे साहेब टकले, आणि त्यांना सतत खोकला! खोकणाऱ्या माणसाने नेमका हाच धंदा निवडावा! खोकले की आमचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून.

गोष्ट दीपगृहाची आहे. म्हातारा, तापट रखवालदार, त्याची बायको आणि वादळात वाहून आलेला एक कुत्रा. कुत्रा मला छान जमला. साहेब म्हणाले, "बाई, तुमचा रखवालदार फार मवाळ आहे. या मुलांना त्याचे डोळे दिसणार नाहीत. धाक कानातूनच जायला हवा. खोलीवर तयारी करून या."

संध्याकाळी मुलाचा फोन. "आई, ठरलंय ना आपलं? एकदा जरी भीती वाटली म्हणालीस, तर मी गाडी काढून न्यायला येणार. मग हे एकटीने फिरणं बंद, घराची किल्ली माझ्याकडे, आणि तू आमच्याकडे." त्याचं काही चुकत नाही. पण माझी खिडकी, माझा चहाचा कप, माझं वाचन – सगळं या आठ दिवसांवर टांगलेलं आहे.

६ मार्च, बुधवार

समोरच्या पाच नंबरमध्ये कुणीतरी आहे. मी कुलूप लावत होते तेव्हा त्यांच्या दाराच्या भिंगातला उजेड विझला. म्हणजे आत डोळा आला!

खुर्चीवर बॅगही ठेवली.

७ मार्च, गुरुवार

जिन्यात पाठमोरा दिसला. उंच. अंगात जाड जाकीट, डोक्यावर टोपी मानेपर्यंत ओढलेली, पायात होडीएवढे बूट. मला पाहून – नाही, माझी चाहूल लागून – दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. सरळ माणूस असा पळतो का?

मॅनेजरला सहज विचारल्यासारखं विचारलं. "पाच नंबर ना? कंपनीचं बुकिंग आहे, मॅडम. पुलाच्या मोजणीचं काम. काही त्रास?" मी म्हटलं, छे. त्रास म्हटलं की रजिस्टरात जाईल, मग मुलाच्या कानावर जाईल. शिवाय हा मॅनेजर तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? कालपासून दोनदा विचारून झालं – "मिस्टर कधी येणार?"

सिस्टर सांगायच्या, "मुलींनो, रस्ता चुकलात तरी चुकल्यासारखं चालू नका." तशी चालले. मान ताठ, पर्स पोटाशी. चुकीच्या गल्लीत शिरले आणि ताठ मानेनेच परत आले.

८ मार्च, शुक्रवार

रखवालदार सापडला!

काल संध्याकाळी खोलीत आरशासमोर बसून त्याचा आवाज शोधत होते. "दिवा कुणी विझवला? बोल! तोंड शिवलंय का? किती वेळा सांगितलं तुला?" आणि मग बायकोचा, लहानसा – "चुकलं माझं." दहा-बारा वेळा केल्यावर एकदम आला. छातीतून, खालून, खरखरीत. मीच दचकले.

आज तसाच वाचला. साहेब खोकायचे थांबले! मग म्हणाले, "बाई, अंगावर काटा आला. कुठून आणलात हा आवाज?" मी म्हटलं, सुचला. परत येताना जिन्यात मध्येच बसले. दमले असेन.

९ मार्च, शनिवार

संध्याकाळी तालीम चालू असताना दाराबाहेर पावलं थांबली. मीही थांबले. श्वास ऐकू येत होता, लाकडाला चिकटून घेतल्यासारखा. मग पावलं गेली. समोरचं दार लागलं.

टोपीवाला! दुसरं कोण असणार?

हे असते तर अशी वेळच आली नसती. कडी हेच लावायचे, बाजार हेच करायचे, पत्रंसुद्धा हेच आधी फोडायचे. मला कशाची म्हणून काळजी नव्हती. जिन्यात यांचे बूट वाजले की चादर सारखी करायची, रेडिओ बंद करायचा आणि पाणी घेऊन उभं राहायचं. किती शिस्तीतलं घर होतं!

बाहेरचे बूट पाहिले. एक बोटभर हलला होता. की मला तसं वाटलं?

१० मार्च, रविवार

सुट्टी. खाली चहाला गेले तर मॅनेजर हळूच म्हणाला, "मॅडम, मिस्टर आले वाटतं? आम्हाला कळलंच नाही. समोरच्यांनी विचारलं – सहा नंबरमधले साहेब कोण, किती दिवस आहेत, कामाला बाहेर कधी जातात?"

चहा तसाच ठेवला. खोलीतला पुरुष बाहेर कधी जातो, हे कुणाला हवं असतं? बाईला एकटं गाठायचं असतं त्यालाच!

दिवसभर खोलीत. बिस्किटांवर भागवलं. सहाच्या सुमारास तालीम केली – मुद्दाम मोठ्याने, की आत पुरुष आहे हे त्याला कळू दे. रखवालदाराला इतकं ओरडायला लावलं की घसा बसला. "चुकलं माझं" म्हणेपर्यंत पावलं आली. दारावर नख घासल्यासारखा आवाज झाला. एकदाच.

मुलाला फोन केला. म्हणायचं नव्हतं, तरी म्हटलं – "भीती वाटते रे." तो एवढंच म्हणाला, "उद्या सकाळी सातला निघतो. बॅग भरून ठेव." त्याच्या आवाजात राग नव्हता. सुटल्यासारखा वाटला.

बॅग भरली. पुस्तकाची वीस पानं राहिली.

११ मार्च, सोमवार

साडेसहाला खुर्ची बाजूला केली तर दाराच्या फटीत कागद. पेन्सिलने लिहिलेला, चौकटीच्या वहीतला.

"काकू, मी समोर पाच नंबरमध्ये राहते. एकटीच असते. तुमच्या खोलीतून रोज संध्याकाळी जे ऐकू येतं, त्याने राहवत नाही. दोनदा दारापर्यंत आले, बूट बघून धीर झाला नाही. तुम्हाला त्रास होत असेल तर याच कागदावर नुसतं 'हो' लिहून माझ्या दाराखाली सरकवा. पुढचं मी बघते. घाबरू नका."

आधी हसूच फुटलं. टोपीवाला म्हणजे मुलगी! पुस्तकातल्या म्हाताऱ्याला घाबरली, आणि तरी माझ्या दारापर्यंत आली. जाऊन सांगावं, म्हटलं – अगं, ते नाटक आहे. उठले, आणि दाराशी पोचून तशीच उभी राहिले.

तो आवाज मी पुस्तकातून आणलेला नाही. चौतीस वर्षं ऐकलाय. भिंतीला भिंत लागून शेजार होता, दोन गल्ल्यांपलीकडे बहीण होती. दाराखालून कधी कागद आला नाही.

मुलाला फोन केला. निघू नकोस, वीस पानं राहिलीत, म्हटलं. बाकीचं समोर बसून सांगेन.

कागदाच्या मागे लिहिलंय – "होत होता. आता नाही." दोनदा वाचलं. बरोबर आहे. सरकवून येते.