उंबऱ्याबाहेरचा ठिपका

वेस्ट मांबलम, चेन्नई
रविवार, दुपार

प्रिय शर्मी,

आठवडाभर तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. रागावू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी "हं" म्हणते, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. या वेळी मला बोलायचं होतं, आणि मध्ये कुणी अडवायला नको होतं. म्हणून कागद घेतला.

इटलीत कुठे उतरायचं हे ठरवायचं काम तू माझ्या गळ्यात घातलंस. म्हणालीस, अक्का, तुझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी, तूच लिही त्यांना. तेव्हापासून मी वाचतेच आहे. जुन्या युद्धाच्या जागा पाहायला जाणारी माणसं खूप आहेत, आणि कुठे राहावं यावर त्यांची भांडणंही खूप. कुणी म्हणतं शहरात उतरा, गाडी करून जा, संध्याकाळी माणसांत परत या. कुणी म्हणतं तिथेच राहा, सकाळच्या धुक्यात लढाई झाली त्या नदीकाठी चाला, नाहीतर गेल्याचा उपयोग नाही. खालच्या सुंदरी मामी रोज चौकशी करतात. परवा म्हणाल्या, युद्ध बघायला चाललात आणि गिझर आहे का विचारताय?

आपल्यापुढे जागा तीन होत्या. रिमिनीचं समुद्रकाठचं हॉटेल, ते तुझ्या अनन्याला हवं होतं. तिची आजी युद्ध बघणार, नातीला निदान समुद्र तरी. दुसरं फोर्ली गावातलं, लिफ्ट असलेलं, हिंदी सैनिकांच्या स्मशानभूमीपासून जवळ. आणि तिसरं टेकडीवरचं ते शेतघर. पलटणीसाठी पूल बांधताना पाय मोडला म्हणून अप्पांनी चव्वेचाळीस सालचा नाताळ जिथे काढला, ते घर. आता तिथल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. तुला तेच हवं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि पहिल्या दिवसापासून मी त्यात खोडी काढत होते. तुझ्या दर्शनरावांचा गुडघा, दगडी जिना, डिसेंबरातली थंडी, बस नाही, आपलं शाकाहारी कोण रांधणार. तुला वाटलं असेल, अक्का म्हातारी झाली.

कारण गुडघा नव्हता, शर्मी. ते घर तुझं आहे, म्हणून मला नको होतं.

अंगणातलं अक्रोडाचं झाड तुझं, फुटक्या घंटेचं चर्च तुझं, अप्पांना "एको" म्हणणारी ती सिल्वाना नावाची चिमुरडी तुझी. अप्पांनी ते सगळं तुला दिलं. मी लग्न केलं नाही. याच घरात त्यांच्याजवळ राहिले. बँकेतून आल्यावर त्यांची पोळी, त्यांची औषधं, शेवटी शेवटी त्यांची कवळी धुऊन पाण्यात ठेवणं, सगळं माझ्याकडे होतं. आणि तू मे महिन्यात पुण्याहून माहेरपणाला यायचीस आणि इटली घेऊन जायचीस. तुम्ही दोघं गच्चीवर बसायचात, आणि मला खाली स्वयंपाकघरात तुमचं हसणं ऐकू यायचं. मी कॉफीचे पेले घेऊन वर आले की अप्पा म्हणायचे, बस गं मोठे. मी बसायची. पण गोष्ट तोवर थांबलेली असायची. मग उन्हाळा, पाण्याचा टँकर, तुझ्या सासूबाईंची तब्येत.

तू विचारायचीस, मला विचारता येत नव्हतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी आम्हांला शिकवलं होतं, मोठी माणसं सांगतील तेव्हा ऐकायचं. मी मांडीवर हात ठेवून, पाठ ताठ करून त्यांच्या सांगण्याची वाट पाहत राहिले. ते गेले तरी पाठ ताठच होती.

गेल्या वर्षी दिवाळी अंकात तुझा लेख आला. फार चांगला होता, मी तसं कळवलंही होतं. पण त्यात जागोजागी "माझे अप्पा" होतं. एकदा तरी "आमचे" येईल म्हणून मी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना अंक कोचावर टाकला आणि उठून भांडी घासली. भांडी आधीच घासलेली होती.

म्हणून मी ठरवलं होतं, फोर्लीचं हॉटेल. टेकडीवर दिवसा जाऊ, तू झाड दाखव, मी बघीन, आणि रात्री प्रत्येकीची खोली वेगळी. फक्त शेतघरवाल्यांना कळवल्याशिवाय सोडून देणं बरं दिसेना. तुला नंतर सांगता यावं, की विचारलं होतं पण जमलं नाही, एवढाच माझा हेतू होता. त्यांच्या संकेतस्थळावर चौकशी भरायला बसले. तिथे आडनाव मागतात. तुझं पुण्याला जाऊन आडनाव झालं. माझं इथल्या रीतीनं नावापुढे अप्पांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर. बँकेत, रेशनकार्डावर, सगळीकडे तेवढंच. त्या यंत्राला एका अक्षराचं आडनाव पटेना. लाल होऊन पुन्हा पुन्हा परत पाठवू लागलं. वैतागून मी पूर्ण लिहिलं. कौमुदी एकोजी.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. भाडं नाही, खोली नाही, एकच प्रश्न. तुम्ही एकोच्या घरच्या का?

शर्मी, सिल्वाना आहे. तुझ्या लेखात "ती आता कुठली असणार" असं तू लिहिलंस, ती आहे. नव्वदी गाठलेली, पण तरतरीत. लेकीबरोबर त्याच घरात राहते. तिच्या लेकीनं मला व्हिडिओ कॉल केला. हे तुला त्याच मिनिटाला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आठवडाभर ती बाई मी एकटीनं ठेवून घेतली.

ती स्वयंपाकघरात टेबलाशी उभी होती, पोळ्यांसारखं त्यांचं काहीतरी लाटत होती. माझ्याकडे बघून "एको" म्हणाली. मग लाटणं बाजूला ठेवलं. कोरडं पीठ हातात घेतलं आणि चिमटीनं टेबलावर ठिपके ठेवायला लागली. ओळीत, सारख्या अंतरावर. मग ठिपक्यांभोवतून वळत जाणारी एक रेघ. कोलम, शर्मी, तुमच्या पुण्याकडची ठिपक्यांची रांगोळी. इटलीतल्या म्हातारीच्या टेबलावर. तिची लेक मोडक्या इंग्रजीत सांगत होती, त्या नाताळच्या सकाळी लंगडणाऱ्या सैनिकानं आईला हे उंबऱ्यासमोर शिकवलं. पीठ उधळायची सोय नव्हती, म्हणून चुलीतल्या राखेनं. तेव्हापासून दर नाताळला आई घालते. गाव हसतं. रेघ फिरून पहिल्या जागी मिळाली, चित्र पुरं झालं. मग म्हातारीनं आणखी एक चिमूट घेतली आणि रेघेच्या बाहेर, एकटाच, एक ठिपका ठेवला.

आता मी तुला अशी एक गोष्ट सांगते, जी तुला ठाऊक नाही. तशी एकच आहे.

तुझ्या जन्माच्या वेळी अम्मा तिरुवल्लिकेणीला आजीकडे गेली होती. मार्गळीचा महिना, म्हणजे धनुर्मास. आळीतल्या दारोदार मोठमोठे कोलम, आणि आपलं दार ओकंबोकं. एका पहाटे अप्पांनी मला उठवलं. मामी लोक उठायच्या आत त्यांनी अंगणात पाणी मारलं, उकिडवे बसले आणि सराईतपणे ठिपके ठेवायला लागले. पुरुषांनी कोलम घालायची रीत नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक. मला वाटलं, सगळ्यांच्या वडलांना येतं. माझा हात हातात घेऊन त्यांनी रेघ ओढली. शेवटी म्हणाले, "मोठे, एक ठिपका बाहेर ठेवायचा. जो अजून यायचाय, त्याच्यासाठी. आणि हे कुणाला सांगायचं नाही हं."

मी कुणाला सांगितलं नाही. कोण यायचंय हेही विचारलं नाही. घरात सगळे तुझ्याबद्दलच बोलत होते, तेव्हा ठिपका तुझाच असणार. मला तो मुळीच आवडला नाही. पण पुसलाही नाही. अजून रोज दारात ठेवते. तू येतेस तेव्हा नेमकं तेवढंच पाहतेस आणि म्हणतेस, अक्का, तुझा एक ठिपका चुकलाय.

मी सिल्वानाला विचारलं, तो बाहेरचा कुणासाठी. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला काही विचारलं असेन. लेकीनं सांगितलं, आईच्या वडलांना जर्मनांनी धरून नेलं होतं. एको म्हणाला, त्यांच्यासाठी एक ठेव. ते आले नाहीत. आई ठेवतेच.

फोन ठेवल्यावर मी दारात जाऊन सकाळचा कोलम पाहत उभी राहिले. गोष्टी अप्पांनी तुला सांगितल्या. मला त्यांनी गोष्टच हातात दिली होती, आणि मी तिला कोलम समजत होते.

म्हणून हे पत्र. आरक्षण झालं आहे, आणि तू फोनवर ओरडण्याआधी कागदावर वाचावंस अशी इच्छा आहे. नाताळच्या आदल्या रात्री तू, दर्शनराव आणि अनन्या फोर्लीच्या हॉटेलात उतरता. मी टेकडीवर, एकटी. दुसऱ्या दिवशी दुपारपासून दोन्ही खोल्या आपल्याच आहेत. मग अक्रोडाचं झाड दाखव, चर्च दाखव, सगळं सांग, मी ऐकेन, मध्ये उठून भांडी घासणार नाही. पण ती एक सकाळ मला दे. अप्पांचं बाकी सगळं तुझ्याकडे आहे. त्या उंबऱ्याशी मी आणि ती म्हातारी, दोघीच. लवकर येऊ नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. दुपारी याल तेव्हा दारात गाडीतून जरा जपून उतर. रेघेच्या बाहेर एक ठिपका असेल. तो चुकलेला नाही. मी ठेवलेला असेल, आणि या वेळी कोण यायचंय ते मला ठाऊक असेल.

तुझ्यावर अजूनही जळणारी, आणि तरी तुझीच,
अक्का