बक्षीसपात्र मूठ

९ जानेवारी

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

तू थ्रीडी प्रिंटर घेतल्याचं कळलं. मग आत्याचंही एक काम कर. बोटं आखडल्यापासून दाराची किल्ली फिरत नाही. माझ्या लेकाने, तुझ्या दादाने, फर्मान काढलंय, महिनाअखेरीस तो येणार. मला आतून कुलूप उघडता आलं तर राहायचं, नाहीतर बॅग भरून त्याच्याकडे. मला माझं घर सोडायचं नाही रे. किल्लीवर बसेल अशी जाडशी मूठ करून दे. मापासाठी हाताचे फोटो सोबत पाठवतेय, शेजारणीने काढलेत. फोटो म्हणून मी कळ सोसून बोटं छान सरळ धरली आहेत.

आशीर्वादात हात आखडता न घेणारी,
तुझी आत्या

१६ जानेवारी

ती. आत्येस सा. न. वि. वि.

पूर्वी एक नमुना करायला जीव जायचा. आता सकाळी एक मूठ, दुपारी दुसरी! तिसरीला जाळी केली, पाचवीला लाटा. सोबत सहावी पाठवतोय, तिच्यात जाळी आणि लाटा दोन्ही आहेत. तिची फार सवय करून घेऊ नकोस, सातवी यंत्रावर चढलीच आहे. रंग मोरपिशी आवडेल की राखाडी, ते कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
खटपट्या

२१ जानेवारी

चि. खटपट्यास आशीर्वाद.

मूठ इतकी देखणी आहे की शेजारीण म्हणाली, शोभेला ठेवा. तेवढंच मुठीला जमतं. ती फोटोतल्या हाताला बसेल. माझी बोटं एरवी मिटलेली असतात. जाळीत कातडी चिमटते ती वेगळीच. अरे, मला कुलूप उघडायचंय, रंगाचं काय घेऊन बसलास? एकदा येऊन हात बघून जा. दादा रविवारी येतोय.

वाट बघणारी,
आत्या

२४ जानेवारी

ती. आत्येस सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी! आपल्या मुठीला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक तिच्या वळणांवर बेहद्द खूश होते. कुलूप कोणी आणलंच नव्हतं, त्यामुळे वेळही वाचला. तुझ्या हाताचं म्हणशील तर आता तो बदलला की सगळ्या आवृत्त्या नव्याने कराव्या लागतील. त्यापेक्षा तूच रोज थोडा वेळ बोटं सरळ ठेवून बघ ना. बारावी मूठ कुरिअरने निघाली आहे. सत्कारामुळे येणं मात्र जमत नाही.

तुझ्या कौतुकाचा भुकेला,
खटपट्या

२ फेब्रुवारी

चि. खटपट्यास आशीर्वाद.

पत्ता बदललाय, तो पाकिटावर लिहिलाय.

रविवारी तुझा दादा आणि कुरिअरवाला एकदमच दाराशी आले. मूठ बाहेर, मी आत. शेवटी दादाने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. मग त्याच्यासमोर मी बारावी मूठ लावून बघितली. ती गरगर फिरली. किल्ली होती तिथेच. दादाने कपाटावरची बॅग काढून दिली. तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू. बक्षिसाचं कौतुकही वाटलं, त्याचा जास्त राग आला.

इथे दादाकडे सगळे प्रेमाने वागतात. दाराला किल्ली नाही, आकडे दाबावे लागतात. ते मला कोणी सांगितले नाहीत. बाहेर जाऊन करणार काय, म्हणतात. तेराव्या मुठीचं राहू दे. सवड झाली की भेटायला ये. बेल वाजवलीस की कोणी येईपर्यंत थांब. मी घरातच असते, पण मला दार उघडता येत नाही.

तुझीच,
आत्या