ताणावरचा बगीचा

८ डिसेंबर, सौंसर
सकाळी माधुरीचा पुण्याहून फोन. धाकट्या भावाची पोर, पण रीत माझीच, आधी एकेकाची तब्येत. मोठीआईचे गुडघे? बरे. बाबांचा खोकला? उतरला. वासरू? उड्या मारून राहिलं. "अन् मोठेबाबा, चष्मा?" सापडला म्हटलं, डोक्यावरच होता.
मग कामाचं. सौर पंपांच्या कंपनीत सॉफ्टवेअरवाल्यांची मॅनेजर ती, हाताखाली बारा जण. आमच्या शेजारच्या रामाकोना गावातला पंप चालू का बंद, पुण्यात दिसतं. मी जन्मभर पंपांच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग केलं ते कान लावून. ही न ऐकता ओळखते!
"पंप किती दिवस बंद राहिला म्हणजे बिघडला समजायचं?"
"आठ दिवस," मी बेधडक.
"मग तेवढे झाले की रोज दुपारी आपोआप अर्धा तास चालवून पाहू."
आपल्याला विचारते. छाती फुगली.

२४ डिसेंबर
रामाकोन्याचा गणपतराव, जुना दोस्त. आला तोच तापून. "तुमच्या पोरीनं माह्या बगिच्याले पाणी पाजलं ना बाप्पा!"
संत्री ताणावर सोडलेली. महिनाभर पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की द्यायचं, तेव्हा कुठं बहार फुटतो. प्रोग्रामला वाटलं पंप बिघडला. पाच दुपारी चालवला. ताण मोडला. आता फुलाऐवजी नुसता पाला आला तर...
आठ दिवस. शब्द माझा. मोटारवाल्यासारखा बोललो, झाडं विसरलो. ग.रावला सांगितलं नाही. चहा पाजला.

२८ डिसेंबर
माधुरी स्वतः आली. नागपूरहून बस, थेट बगिच्यात.
ग.राव: "पुण्याहून पंप दिसते, झाड नाही दिसत काय वं?"
"नाही दिसलं, काका. नियम मी घातला. चूक माझी."
मी बाजूलाच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिनं.
मग शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून शिकली. हलक्या जमिनीत ताण किती, भारीत किती. सगळं वहीत. तिथूनच ऑफिसला फोन, ॲपमध्ये बटण टाका, ताणाचं. पलीकडचा म्हणे, स्ट्रेस लिहू? "ताणच लिहा. शेतकरी म्हणतो तेच."
ग.राव पहिल्यांदा हसला. "असं एक बटन आमच्या बायकोलेबी लावा."

६ जानेवारी
माधुरीचा फोन. साहेबांनी विचारलं, नियम कोणाचा? "माझा" म्हणाली. बहार गेला तर पंपांचं काम तिच्याकडून काढतील. सहा वर्षांची मेहनत.
म्हटलं, माझं नाव सांग.
"मोठेबाबा, तुम्ही सांगितलं. तपासायचं माझं काम होतं."
पोर मोठी झाली म्हणजे काय, आज समजलं.

२ फेब्रुवारी
ग.रावनं पुन्हा ताण दिला होता, आता पाणी देऊन पंधरा दिवस. फांद्यांना बारीक टोकं. कळी की पालवी? वाइंडिंगचं भिंग लावून पाहिलं, नक्की कळेना.
ग.राव: "आठ दिवस थांबा."
म्हटलं, बाप्पा, तो आकडाच माझ्या तोंडचा. सांगून टाकलं सगळं.
तो फांदी सोडून म्हणाला, "मले तवाच समजलं होतं. चहात साखर दोनदा टाकली तुम्ही."
माधुरीला फांदीचा फोटो धाडला. खाली लिहिलं: ग.रावला खरं सांगितलं. तुझ्या साहेबांना मीच फोन करतो, तू फक्त हो म्हण. टोकं उघडली की कळवीनच, पण त्याची वाट पाहू नको. दोन ओळी का होईना, लवकर लिही.