साखर, मोतीबिंदू आणि नायकाची एन्ट्री

२ जून, सोमवार
डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. म्हणे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलाय. मी म्हटलं, ऑपरेशन लगेच करा, तर त्यांनी आधी रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर दोनशे चाळीस. आधी ही खाली आणा, फिजिशियनची चिठ्ठी आणा, मगच डोळ्याला हात लावीन, असं म्हणाले.

मला मोतीबिंदू मान्य नाही. जबलपुरात अलीकडे दिवेच मंद लावतात. पण अर्चनाताईंपुढे इलाज नाही. आमच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक त्या बसवतात. वीसेक वर्षं नायक मीच. यंदा नायकाची एन्ट्री जिन्यावरून आहे, हातात गुलाब. ताईंनी साफ सांगितलं, भाऊराव, डोळे करून या, नाहीतर जिना नाही आणि जिना नाही तर नायकही नाही.

हे सगळं गेल्या वर्षीच्या त्या हारामुळे. शेवटच्या प्रवेशात मी वरमाला नायिकेऐवजी सासऱ्याच्या गळ्यात घातली. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवत होते. पण प्रयोगशीलता आपल्या लोकांना पचत नाही.

३ जून
फिजिशियन डॉ. पटेरियांना भेटलो. गोळ्या, चालणं, गोड बंद, भात कमी. ऑगस्टच्या मध्यात पुन्हा तपासू म्हणाले. नाटक एकतीस ऑगस्टला. म्हणजे भरपूर वेळ आहे.

मी फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आयुष्य इन्स्पेक्शनमध्ये गेलं. एक शरीर पास करून दाखवणं म्हणजे डाव्या हातचा मळ. उद्या पहाटे पाचपासून मॉर्निंग वॉक.

४ जून
पाचचा गजर वाजला. बंद केला. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

६ जून
वॉक सुरू! सोबतीला बाळाजी. तो माझ्याच सेक्शनला आहे आणि नाटकात दरवर्षी सासरा होतो. (हो, तोच सासरा.) झपझप चाललो. ओमतीकडे वळलो तर खव्याच्या जलेबीचं दुकान आपोआप समोर आलं. रस्ताच तसा आहे, आमचा दोष नाही.

एकच घेतली. खवा म्हणजे दूध, दूध म्हणजे प्रोटीन. शिवाय चालून जे जळालं ते भरून काढायला हवं, नाहीतर चक्कर येते. बाळाजी म्हणाला, एकीने काय होऊन राहिलंय, भाऊ. त्याच्या आग्रहाखातर आणखी एक.

घरी बायकोने, विभाने, दारातच विचारलं, जलेबी खाऊन आले का? मी म्हटलं, तुला काहून असं वाटून राहिलं? तिने माझ्या पांढऱ्या टीशर्टकडे बोट केलं. छातीवर पाकाचा ओघळ होता म्हणे. मला तर काही दिसला नाही. बायका आधी मनात ठरवतात, मग पुरावा शोधतात.

११ जून
गोळीबद्दल स्वतंत्र विचार केला. गोळी साखर मारते. ज्या दिवशी गोड खाल्लंच नाही त्या दिवशी गोळी आत जाऊन कोणाला मारणार? रिकामी बसेल आणि किडनीला त्रास देईल. म्हणून गोड खाल्लं तरच गोळी. उलटपक्षी, गोळी घेतली असेल तर तिला काम देणं ही आपली जबाबदारी.

हे डॉक्टर लोक का सांगत नाहीत कळत नाही.

१५ जून, रविवार
तिलवाऱ्याला मंडळाची पिकनिक. गक्कड-भरता. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याचं भरीत, वरून तूप. गोड काही नाही, तळलेलं काही नाही. संपूर्ण डाएट. त्यामुळे मोजलं नाही.

दुर्वा (आमची कन्या, बीएस्सीला आहे, मराठी समजते पण बोलायची वेळ आली की गाडी हिंदीच्या रुळावर जाते) म्हणाली, पापा, गेहूँ में भी शुगर होती है. मी म्हटलं, बेटा, दोन सेमिस्टरात एवढं शहाणं होऊ नये.

तिथे अभिराम भेटला. बँकेत बदलून आलाय, पुण्याचा. नर्मदेकाठी बसून बिनसाखरेची काळी कॉफी पीत होता, थर्मासमधून. अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा? अर्चनाताईंनी त्याला नाटकात घेतलंय. आधी म्हणाल्या प्रॉम्प्टर. मग म्हणाल्या, नायकाचे संवादही पाठ करून ठेव, असू दे.

असू दे म्हणजे काय, ते मला न समजण्याइतका मी भोळा नाही.

२९ जून, रविवार
तालीम. जिना तयार झालाय. लाकडी, रंग तपकिरी, जमीनही तपकिरी. कोणत्याही समजदार माणसाला शेवटची पायरी दिसणार नाही. मी ती हवेत उतरलो. गुलाब पुढे गेला, मागून मी. अभिरामने हात देऊन उठवलं आणि वर म्हणाला, काका, तो संवाद 'मी तुमची वाट पाहतोय' असा आहे, 'वाट पाहून राहिलोय' असा नाही.

काका! मी अठ्ठावन्नचा, नायक अठ्ठावीसचा. मेकअप कशाला असतो मग?

घरी गुडघ्याला हळद लावताना विभा म्हणाली, मला नाटकाचं काही नाही हो, तुम्ही रात्री आपल्याच घरच्या पायरीवर चाचपडता. मी म्हटलं, ऑगस्ट येऊ दे.

६ जुलै, आषाढी
आता गंभीर उपाय. उपवास! पोटाला विश्रांती दिली की साखर कुठून वाढणार? सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, चार वाजता शिंगाड्याचा शिरा. संध्याकाळी हलकं वाटावं म्हणून पुन्हा खिचडी. अन्नाचा कण नाही. मन कसं शुद्ध झालं.

१४ जुलै, सोमवार
हिंदी लोकांचं सावन सुरू झालं. आपला श्रावण पंधरवडाभर उशिरा लागतो. फॅक्टरीत सगळ्यांचा सोमवारचा उपवास. मी विचार केला, आपण मध्य प्रदेशात राहतो, इथल्या अन्नावर वाढलो, इथल्या सोमवारांचाही मान ठेवला पाहिजे. त्यांचे सोमवार धरले. कॅन्टीनमध्ये फलाहारी थाळी मिळते. साबुदाणा वडे अप्रतिम.

२८ जुलै, सोमवार
आपला श्रावण लागला. आता सोमवार दोन्हींचा. त्यांचं सावन संपलं की आपले पुढे चालूच. असा दुहेरी उपवास पुण्यातल्या माणसाच्या नशिबात नाही. कॅन्टीनची थाळी खाऊन घरी आलो आणि विभाची खिचडीही खाल्ली. एक मध्य प्रदेशाची, एक महाराष्ट्राची. दोन्ही देवळांत हजेरी लागली.

विभाने हिशेब मांडायचा प्रयत्न केला की साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, शेवटी साखरच. मी तिला म्हटलं, देवाधर्माच्या गोष्टीत प्रयोगशाळा आणू नये. तिने खिचडीचं पातेलं कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. धर्मावर संकट आलं की घरातूनच येतं.

५ ऑगस्ट
वॉकचं काही दिवस जमलं नाही. पावसात पाय घसरतो. बाळाजी रोज येतो, त्यालाही नाही म्हणवत नाही. त्यामुळे वॉक टाळून थेट स्कूटरवर दुकानापर्यंत जातो. मैत्री टिकवणं हाही आरोग्याचाच भाग.

१० ऑगस्ट, रविवार
तपासणी चौदाला. आता मी माझं खरं शास्त्र वापरणार.

फॅक्टरीत बाहेरून इन्स्पेक्शन येतं तेव्हा आम्ही वर्षभर घाम गाळत नाही. तीन दिवस आधी कामाला लागतो. झाडांच्या बुंध्यांना चुना, कोपऱ्यातलं भंगार मागच्या शेडमध्ये, रजिस्टरवर नवं कव्हर. साहेब येतात, चहा पितात, खूश होऊन जातात. तीस वर्षांत एकदाही कोणी मागची शेड उघडली नाही.

शरीर म्हणजे दुसरं काय आहे?

११ ऑगस्ट
कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड. सोमवार असूनही फराळ नाही. भात नाही. गोळ्या वेळेवर दोन्ही. जेवणानंतर अंगणात फेऱ्या. बाळाजीला गेटवरूनच परत पाठवलं. तो म्हणाला, भाऊ, तब्येत बरी नाही का?

१३ ऑगस्ट
चुना चालू. विभा भारावून माझ्याकडे बघते. माझं ऑपरेशन होणार म्हणून तिने आपल्या भावाकडे जायचं रद्द केलं आणि माझ्यासाठी काळा गॉगल आणून ठेवलाय. रात्री मी जिन्याचे संवाद म्हणून दाखवले. म्हणाली, छान म्हणता हो तुम्ही. लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली असेल.

१४ ऑगस्ट
उपाशीपोटी एकशे सहा! एकशे सहा!! बाळाजीला फोन केला. अर्चनाताईंना फोन केला. अभिरामला मुद्दाम केला, म्हटलं, पाठ केलंस ते वाया जाणार नाही, पुढेमागे कामी येईल. आनंदात जलेबी आणवली. गोळी घेतलेलीच होती, तिलाही काम मिळालं.

१६ ऑगस्ट, शनिवार
डॉ. पटेरियांनी रिपोर्ट पाहिला. मी छाती काढून बसलो. ते म्हणाले, बहुत बढ़िया, भाऊराव जी. मग आणखी एक टेस्ट लिहून दिली. HbA1c. मी म्हटलं, कशाला, मी उपाशीपोटीच होतो. ते म्हणाले, इसमें उपाशी-बिपाशी नहीं लगता, कभी भी दे दो.

उत्तम. जी परीक्षा तयारीशिवाय देता येते ती सोपीच असणार.

१८ ऑगस्ट, सोमवार
नऊ पॉइंट आठ. मी म्हटलं, दहापैकी? डॉक्टर हसले नाहीत. सातच्या आत हवं होतं. आठच्या आसपास असतं तरी चिठ्ठी दिली असती.

मग समजावलं. ही टेस्ट आजची साखर बघतच नाही. गेल्या तीन महिन्यांत रक्तात किती साखर फिरली, त्याची सरासरी बघते. तिला चुना दिसत नाही, ती सरळ मागची शेड उघडते. (शेड हा माझा शब्द.) म्हणजे मी इन्स्पेक्टर येणार म्हणून तीन दिवस पळापळ केली आणि तो जूनपासून आत बसून सगळं लिहून घेत होता. जलेबी, गक्कड, दोन्हीकडचे सोमवार. मला हा विश्वासघात वाटतो.

आता नव्याने औषधं, इन्शुलिनचा विचार, नोव्हेंबरात पुन्हा तपासणी. ऑपरेशन नाही. विभा सोबत होती. रिक्षात ती रडली. मी म्हटलं, अगं, एवढं काय. ती म्हणाली, तुम्ही कोणाला फसवून राहिले होते, डॉक्टरला की मला? मी रिक्षावाल्याला रस्ता सांगत बसलो.

१९ ऑगस्ट
अर्चनाताई स्वतः घरी आल्या. जिना अभिरामला. मी म्हटलं, उत्तम, तरुणांना संधी मिळालीच पाहिजे, मी तेच सुचवणार होतो. त्या गेल्यावर आत जाऊन पडलो. वाईट वाटलं. खरंच वाटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा गणपतीत माझ्या तोंडाला रंग लागणार नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
आज कळलं, लोकांना माझी किंमत आहे! अर्चनाताईंचा फोन. भाऊराव, तुमचा एक मोठा, चांगला फोटो द्या, सेटवर लावायचाय, म्हणजे तुम्ही नाटकभर स्टेजवर असाल. त्या पुढे काहीतरी सांगत होत्या, गोष्टीतलं कोणाचं तरी नाव घेऊन, पण मी भारावलो होतो. हा सत्कार आहे. इतक्या वर्षांच्या सेवेचा.

सूटमधला फोटो निवडला. दुर्वाने मोठा करून फ्रेम केला. भाषणही लिहून काढलं, छोटंसं. शेवटच्या वाक्यात आवाज दाटून येईल अशी सोय केलीय.

१ सप्टेंबर, सोमवार
काल नाटक झालं.

तिसऱ्या रांगेत बसलो, विभा शेजारी. भाषण खिशात. पडदा उघडला. दिवाणखाना, जिना, समोरच्या भिंतीवर एक मोठी तसबीर. आता डोळ्यांबद्दल खोटं कशाला लिहू, मला चेहरा दिसेना. हार घातलेला दिसला, तेवढा. अभिराम वरून उतरला, एकही पायरी चुकला नाही. तसबिरीपुढे उभा राहिला, उदबत्ती लावली आणि म्हणाला, बाबा, तुम्ही वेळेवर ऐकलं असतं तर आज हे घर असं पोरकं नसतं.

लोक गलबलले. मीही. मी विभाकडे वाकून म्हटलं, फोटोतला माणूस कोण घेतलाय गं? भारदस्त दिसतो.

तिने माझा हात धरला. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, तुम्ही.

पुढचे दोन अंक मी माझ्याकडे बघत होतो. म्हणजे, जिथे मी आहे असं सांगितलं होतं, तिकडे. विभाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. पडदा पडला. सत्काराला कोणी बोलावलं नाही. विभा तडक स्टेजवर गेली, खुर्चीवर चढली आणि तसबिरीचा हार ओढून काढला. अर्चनाताई म्हणाल्या, विभावरी, नाटकातला आहे तो, मी फोनवर सगळं सांगितलं होतं. ही म्हणाली, असू दे, मला बघवत नाही. सगळे बघत होते. मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

आज सकाळी गोळी घेतली, गोड न खाता. बाळाजी आला तर विभा चपला घालून आधीच दारात उभी. तिने सांगितलं, यापुढे मी जाईन यांच्याबरोबर आणि ओमतीकडे वळायचं नाही, दुसऱ्या रस्त्याने जायचं. बाळाजी म्हणाला, मग चालायचं काहून, वहिनी? आणि घरी गेला.

दुसऱ्या रस्त्याने निघालो. कोपऱ्यावर मंगोडेवाला, मुगाची भजी तळणारा, बसतो, हे मला ठाऊक नव्हतं. दिसला नाही, पण कढईचा वास आला. मी चालण्याचा वेग किंचित कमी केला. विभाने हात सोडला नाही.