भट्टीच्या ओट्यावरचा कर्नल

ओरुरो, बारा नोव्हेंबर

चिरंजीव सेवेरो यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तू, तुझी लेक आणि तिचं नवं बाळ, तिघंही खाऊनपिऊन ठीक असणार असं धरून चालते, कारण नसतात तर तू एव्हाना सोळा पानं खरडली असतीस. ब्वेनोस आयरेसची हवा दमट असते म्हणतात, पाय कोरडे ठेव. माझे गुडघे कुरकुरतात, दात आहेत तेवढे जागेवर आहेत. झाली विचारपूस. आता तुझ्या सापाचं सांगते. आधी हे वाच की तो जिवंत आहे. मग बूड टेकव आणि पुढचं वाच.

लेकीकडे जाताना बसच्या दारात उभा राहून तू काय बोललास ते मी विसरले नाही. म्हणालास, "आक्का, तुझ्याकडे पोपटसुद्धा टिकला नाही." (पोपट म्हातारा होता. आणि त्या वर्षी माणसंही गारठून गेली, त्याबद्दल मला कुणी बोललं नाही.) मग डोळे पुसून म्हणालास, "बायको गेल्यापासून घरी माझी वाट बघणारा हा कर्नल एवढाच आहे. हाही गेला तर मी कशाला परत येऊ?" असं बोलायचं असतं का, बस सुटताना? आणि वर हातात चार पानं कोंबलीस. दिवसा इतके अंश, रात्री तितके अंश, काचेची पेटी, वर दिवा, बाजूला थर्मामीटर, पंधरा दिवसांनी एक उंदीर, जेवल्यावर दोन दिवस हात लावू नये. आपल्या आईनं आपल्याला वाढवताना अर्धं पानसुद्धा लिहिलं नव्हतं.

थर्मामीटर पहिल्याच दिवशी फुटला. खरं बोलतो की नाही हे बघायला मी तो भट्टीत घातला होता. दिवा दुसऱ्या दिवशी गेला, त्यात माझा काही हात नाही. (झाडूचा होता.) मग मी म्हटलं, देमेत्रिया, चाळीस वर्षं पाव भाजतेस, ऊब म्हणजे काय ते तुला काचेच्या नळीनं शिकवायचं? भट्टीलगतच्या ओट्यावर जिथे कणकेची काथवट ठेवते, तिथे कोपर टेकवून बघितलं. कणीक फुगायला जेवढी ऊब लागते तेवढीच सापाला लागते, ही गोष्ट तुझ्या चार पानांत कुठेच नाही. काथवट एका अंगाला, कर्नल दुसऱ्या अंगाला, वरून एकेक फडकं. बाहेर नळात पाणी गोठायचं आणि हे साहेब आत पीठ अंगाला लावून घेऊन लोळायचे. पहिले आठ दिवस गिऱ्हाईक दारातूनच पाव मागत होतं. नंतर आत येऊन त्याला नमस्कार करून पाव न्यायला लागलं.

पण खाईना. उंदीर दिला, बघितलं नाही. मोठा उंदीर दिला, तो उंदीरच त्याच्या वेटोळ्यात झोपला. शेवटी मन घट्ट करून स्वयंपाकघरातला एक गिनीपिग पुढे सोडला, चांगला पोसलेला, सणासाठी राखलेला. तर त्यानं बाकीच्यांना निरोप धाडला असावा, कारण संध्याकाळी बघते तो सात गिनीपिग तुझ्या कर्नलच्या पाठीवर शेकत बसलेले! पहिला महिना गेला, दुसरा गेला. साप नुसता ओट्याच्या सगळ्यात गरम जागी पोट लावून पडायचा, कधी कधी तर उताणाच. म्हटलं, संपलं.

जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. कोवळा पोरगा, नवे बूट. त्यानं माझ्या झाडूच्या लांबीवरून कर्नलला तपासलं आणि म्हणाला, "आजी, मनाची तयारी ठेवा." मी म्हटलं, मनाची कसली तयारी, मला भावाला पत्र लिहायचंय. शेजारची पास्तोरा म्हणाली, "अगं, याला जिथून आणला त्या सखल मुलखातच याचा जीव राहिलाय, हाक मारून आणायला हवा." मला असले प्रकार चालत नाहीत हे तुला ठाऊक आहे. (तरी शुक्रवारी गावाबाहेरच्या दगडी सापावर पेलाभर दारू ओतून आले. खोटं कशाला बोलू. दगडाला काय, तो पितोच.) तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही भट्टीत घातली. सात बाळंतपणं झालेली बाई मी, आणि अन्नावरची वासना गेलेली, उबेला पोट लावून पडलेली जी कोण समोर होती, तिला आजारी समजत बसले! कपाळावर हात मारून घ्यावा असं.

मग आला मृतांचा सण. आदल्या दिवशी अख्खी गल्ली आपापली कणीक घेऊन माझ्या भट्टीवर असते हे तुला सांगायला नको. पावाची बाळं, पावाचे घोडे, पावाच्या शिड्या, धूर, आरडाओरडा. पास्तोराचा नवरा एउसेबियो मार्चमध्ये गेला, म्हणून यंदा तिच्या घरी त्याच्या नावानं मोठी मांडणी. तिनं त्याच्यासाठी हाताएवढ्या जाडीचा, वेटोळं घातलेला पावाचा साप करून घेतला, कारण त्याच्या ट्रकसमोरून साप आडवा गेला की एउसेबियोचा दिवस बरा जायचा. झकास भाजला मी. बेदाण्याचे डोळे लावले, ओट्यावर ठेवला, वर फडकं टाकलं.

पास्तोरा घाईत आली, फडक्यासकट उचललं, धाबळीत घालून पाठीशी बांधलं आणि गेली. सकाळी माझा ओटा बघते तो कर्नल नाही. गिनीपिगांची बिळं उपसली, लाकडांची रास उपसली, भट्टीतसुद्धा डोकावले (ते कसं डोकावले ते माझं मला माहीत). तेवढ्यात पास्तोरा दारात, कमरेवर हात.

"देमेत्रिया, तुझा साप कच्चा राहिलाय!"

"माझ्या भट्टीतून कच्चं काही जात नाही!"

"फडक्यावरूनच मधे दाबलं तर मऊ लागतंय. एउसेबियोला कच्चा पाव घालू का मी?"

"जिवंतपणी तुझ्या हातचं खाल्लं की त्यानं! जा, मला वेळ नाही."

ती पाय आपटत गेली. आणि मी दुसरं फडकं उचललं, तर खालून बेदाण्याचे डोळे माझ्याकडे बघतायत.

सेवेरो, मी पळाले. या गुडघ्यांनी. पोचले तेव्हा दुपारच्या बाराची घंटा होत होती, आत्मे घरी येतात तीच वेळ. घर माणसांनी भरलेलं, प्रार्थना चाललेली, मांडणीवर मधोमध एउसेबियोची तसबीर, समोर फडकं, आणि फडकं हलतंय. मी तोंड उघडायच्या आत पास्तोरानं ते उचललं. तुझा कर्नल तिथे ऐसपैस पसरला होता, आणि पावाच्या बाळांमधून बोटाएवढी, ओली, चकचकीत पिल्लं वळवळत होती. अंडी नाहीत, बिंडी नाहीत, थेट पिल्लं. एकोणीस!

कुणी किंचाळलं नाही. सगळे पास्तोराकडे बघत होते, कारण त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, हे गल्लीला माहीत आहे. ती तसबिरीकडे बघून म्हणाली, "एउसेबियो, आयुष्यभर एक जमलं नाही, आणि आता एकदम एवढी?" आणि हसायला लागली, आणि रडायला लागली, आणि मग अख्खं घर तसंच करायला लागलं. बूटवाला डॉक्टर धावत आला, नीट बघून गंभीरपणे म्हणाला, "आजी, हा नर नाही." मी म्हटलं, डॉक्टर, तेवढं माझ्याही लक्षात आलंय.

पुढचं म्हणजे माझी अक्कल बघ. सणानंतर पावाच्या बाळांचा लुटुपुटीचा बाप्तिस्मा करतोच आपण, कुणीतरी जुना कोट घालून पाद्री होतो, धर्मबाप, धर्मआई ठरतात. मी म्हटलं, पावाची कशाला, जिवंत आहेत ना? रांगेत ठेवली परातीत. लुटुपुटीचा असला तरी बाप्तिस्मा तो बाप्तिस्मा, धर्मलेकराला टाकून कोण जाईल? पंधरा पिल्लं पोसायला गेली. त्यातली दोन पास्तोरानं घेतली, एकाचं नाव एउसेबियो. डॉक्टरनं एक घेतलं, आता बूट काढून आत येतो. रोज संध्याकाळी सगळे धर्मबाप माझ्या भट्टीवर तापलेली वीट न्यायला येतात, फडक्यात गुंडाळून नेतात, पिल्लं उबेत झोपतात. आणि कर्नलनं परवा दोन उंदीर खाल्ले, एकामागून एक, पाणीही न पिता. आहे का कुणाची टाप म्हणायची की देमेत्रियाकडे जनावर टिकत नाही!

लेकीला आणि नातवाला माझा मुका.

तुझी आक्का,
देमेत्रिया

ता. क. – जाताना तू दिलेली चार पानं मी भट्टीत घातली नव्हती. भिंतीला लावलीत. पिल्लांबद्दल त्यात काही नाही, ते लिहून पाठव. सविस्तर.

ता. क. – एक थर्मामीटर पाठव. कोपराला हल्ली नीट कळत नाही. पास्तोराला सांगू नकोस.

ता. क. – कर्नलला न्यायला येऊ नकोस, बाळंतीण आहे, हलवता येणार नाही. पण चार पिल्लं माझ्याकडे उरलीत, आणि या गुडघ्यांनी मी उंदीर धरू शकत नाही. तुझ्या घरी कुणी वाट बघत नाही म्हणालास ना? मग तिथे जायचं कशाला? सरळ इकडची बस धर. ओटा रुंद आहे. कणकेची काथवट मी सरकवून ठेवलीय.